ला सालिनाला वारा पडला तेव्हा

रेडिओवर माणूस गेला असं कधी सांगत नसत. "प्रकृती नाजूक आहे, ताबडतोब निघून यावे," एवढंच निवेदक वाचायचा आणि ऐकणारं सगळं पठार काय ते समजायचं. निरोप एकासाठी असला तरी कान सगळ्यांचेच लागलेले असत. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचा चुकलेला घोडा सापडला, कुणी बंदरावरून पिठाची पोती पाठवली, कुणाचा मुलगा सैन्यातून सुटून येतोय. दुपारी एकदा आणि दिवेलागणीला पुन्हा एकदा तेच निरोप वाचत. आमच्या पाटागोनियाच्या पठारावर तेव्हा टेलिफोन नव्हता, आणि टपाल येईल तेव्हा खरं. ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने ऐकावं आणि शेजाऱ्याचं नाव आलं तर घोड्यावर बसून सांगायला जावं, अशी रीत होती. शेजारी म्हणजे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहणारा.

मी आणि माझा नवरा सांदालियो ला सालिनाला राहत होतो. मालकाच्या कुरणाचं ते शेवटचं टोक. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, मेंढ्यांचं वाडगं, मागे जुन्या काळची लोकर वाहायची एक मोडकी गाडी, आणि समोर सुकलेल्या मिठागराचा पांढरा पट्टा. बाकी सगळा वारा. कपडे वाळत घालायचे तर दोरीला गाठ मारूनच. दार उघडायचं तर आधी खांदा लावायचा. आम्ही घरात बसूनसुद्धा ओरडून बोलायचो, कारण पत्रा सतत थडथडत असायचा. पुढे मी बंदरावर राहायला गेले तेव्हा पहिले काही महिने दुकानदार माझ्याकडे दचकून बघायचे. मी साधं मीठ मागितलं तरी त्यांना भांडायला आल्यासारखं वाटे.

रेडिओ आमच्याकडे आला तो वाऱ्यामुळे. मालकाच्या मोठ्या घरामागे एक लॉरी कायमची बंद पडली होती. सांदालियोने तिचा डायनामो आणि बॅटरी मागून आणली. मग डोंगराकडच्या लेंगा नावाच्या झाडाच्या लाकडाचा एक लांब फळा घेऊन तो संध्याकाळच्या संध्याकाळ चुलीपाशी तासत बसला. दोन्ही टोकांना उलटसुलट पीळ देऊन त्याने त्याचं पातं केलं. मधोमध भोक पाडून ते खिळ्यावर टांगायचा, आणि एखादी बाजू खाली झुकली की तिकडून पुन्हा एक कपचा काढायचा.

"एवढं काय जपायचं त्यात?" मी म्हणायचे. "वाऱ्याला कुठं कळतंय?"

"वाऱ्याला नाही कळत. बेअरिंगला कळतं."

पातं डायनामोच्या दांड्यावर बसवलं, मागे रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची शेपटी लावली, आणि ते सगळं घरामागच्या लाकडी मनोऱ्यावर चढवलं. शेपटीमुळे ते आपोआप वाऱ्याकडे तोंड करायचं. पहिल्या दिवशी ते असं काही गुरगुरलं की कुत्री पळून मिठागरापर्यंत गेली.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी विचारलं, की वारा वर, आणि दिवा खाली, मधे होतं काय?

सांदालियो माते, म्हणजे आमच्याकडचा नळीने ओढायचा कडू पाल्याचा चहा, पीत होता. नळी तोंडातून न काढता म्हणाला, "तू लोकर कातते ना? मग तेच. वारा म्हणजे न कातरलेली मेंढी. नुसती अंगावर येते, तिचा उपयोग काही नाही. पातं तिला पकडतं. डायनामोच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे, तिच्या दोन्ही अंगांना चुंबक. पातं फिरलं की गुंडाळी चुंबकांच्या मधे गरगर फिरते, आणि तारेत वीज उठते."

"उठते म्हणजे?"

"उठते म्हणजे उठते. माझ्याकडे अशी बघू नकोस. मेकॅनिकने मला एवढंच सांगितलं."

ती उठलेली वीज कार्बनचे दोन छोटे तुकडे टिपून घेत. त्यांना ब्रश म्हणायचं. तिथून दोन तारा खाली घरात यायच्या, भिंतीवरच्या एका काळ्या डबीतून बॅटरीत जायच्या, आणि बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांत आणि तेजाबात ती वीज साठून राहायची. सांदालियोच्या भाषेत बॅटरी म्हणजे लोकरीची गोणी, आणि काळी डबी म्हणजे वाडग्याचं फाटक. वारा जोरात असला की डायनामोची वीज फाटक ढकलून आत शिरते. वारा मंदावला की फाटक आपसूक मिटतं, म्हणजे आतली वीज उलटी पळून जात नाही.

त्या शरद ऋतूत डबीतला सांधा जळाला. दिवसरात्र टकटक करायचा आणि धड मिटायचा नाही की धड उघडायचा नाही. नवा बंदरावरून यायचा तेव्हा येणार होता. सांदालियोने तांब्याची एक तार घेतली आणि सांध्याच्या दोन्ही टोकांना घट्ट गुंडाळून टाकली. फाटक कायमचं उघडं.

"आणि वारा थांबला तर?" मी विचारलं.

समुद्र आटला तर काय, असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. "इथं? कधी थांबलाय?"

आम्ही दोघंही हसलो. पठारावर जन्मलेल्या कुणीही तेच केलं असतं.

आमचा शेजारी म्हणजे डॉन ओनोफ्रे कार्कामो. चिलीकडच्या चिलोए बेटावरून तरुणपणी आलेला, पूर्वी लोकरीच्या गाड्या हाकायचा, आता म्हातारा झाल्यावर पलीकडच्या कुरणात एकटा राहायचा. त्याच्याकडे रेडिओ नव्हता. आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा तो घोड्यावरून यायचा, बरोबर मटणाचा तुकडा किंवा कालाफातेच्या जांभळ्या बोरांचा मुरंबा आणायचा, आणि निरोपांच्या वेळेला टोपी काढून रेडिओसमोर बसायचा, देवळात बसावं तसा. सांदालियो त्याला चिडवायचा, "डॉन ओनोफ्रे, कुणाच्या निरोपाची वाट बघताय? चिलोएला एखादी बाई ठेवून आलाय काय?"

"एक कसली, तीन आहेत," म्हातारा म्हणायचा. "म्हणून तर पत्ता दिला नाही कुणाला."

जूनमध्ये सांदालियोचं दुखणं वाढलं. उजव्या बरगडीखाली त्याला आधीपासूनच जड वाटायचं, पण आता तो वाकू शकेना. कुत्र्यांकडून येणारा तो आमच्याकडचा रोग, यकृतात पाण्याने भरलेली गाठ वाढत जाते. मेंढ्यांत राहणाऱ्या कितीतरी जणांच्या पोटात ती असायची. मालकाचा ट्रक आला आणि त्याला बंदरावरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मला जाता येत नव्हतं. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, कळप मागे टाकून दोघांनी निघायचं म्हणजे वसंतात परत यायला काही उरलंच नसतं.

ट्रकमध्ये त्याला घोंगड्यांत गुंडाळून बसवलं. तो म्हणाला, "निरोप पाठवीन. दुपारी ऐकत जा. आणि बाकीच्या वेळी टँगो ऐकून बॅटरी संपवू नकोस."

"वारा काय तुझ्या बापाचा आहे?" मी म्हटलं.

तो हसायला गेला आणि त्याने कुशीला हात दाबून धरला. ट्रक मिठागराच्या कडेने वळला. पुढचं काही मला दिसलं नाही, कारण वाऱ्याने डोळ्यांत माती गेली होती, असं मी कुत्र्यांना सांगितलं.

मी रोज दुपारी ऐकायचे. एका निरोपात तो सुखरूप पोचल्याचं कळलं. पुढच्या एका निरोपात, पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे, काळजी नसावी. त्यानंतर काही नाही. मी निवेदकाचा आवाज ओळखायला शिकले होते. वाईट निरोपाच्या आधी तो थोडा घसा साफ करायचा. त्याने खाकरलं की माझ्या हातातलं काम थांबायचं, मग दुसऱ्याच कुणाचं तरी नाव यायचं, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच त्या दुसऱ्या बाईचं वाईट वाटायचं.

जुलैत मोठा बर्फ पडला. वाऱ्यासकट पडला तोवर ठीक होतं. मग एका सकाळी मी जागी झाले ती कानांत काहीतरी दुखतंय म्हणून. काही वेळाने कळलं, पत्रा वाजत नव्हता. दार खांदा न लावता उघडलं, आणि मी जवळजवळ तोंडावर आपटले. बाहेर सगळं पांढरं आणि उभं राहिलेलं. एक मेंढी खोकली तर ती वाडग्याच्या कोणत्या कोपऱ्यात खोकली ते कळत होतं. इतकी एकटी मी सांदालियो गेल्यापासून झाले नव्हते. वारा सोबत असतो हे तो असेपर्यंत कळत नाही.

मी वर बघितलं. पातं फिरत होतं. सावकाश, आळसावल्यासारखं, पण फिरत होतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, खाली नसला तरी वर आहे थोडा. बॅटरी भरतेय. त्या धीरावर मी दुपारचे निरोप ऐकले, पुढची गाणी ऐकली, संध्याकाळचे निरोप ऐकले, आणि घरात कुणीतरी बोलत राहावं म्हणून त्यानंतरही रेडिओ चालू ठेवला. दुसऱ्या सकाळीही पातं फिरतच होतं, पण अगदी म्हातारं झाल्यासारखं. बाहेर तसाच सन्नाटा.

दुपार व्हायच्या आत डॉन ओनोफ्रे आला. घोडा पोटापर्यंत बर्फात. त्याने उतरता उतरता आमच्या धुराड्याकडे बघितलं, मग मनोऱ्याकडे बघितलं, आणि एक पाय रिकिबीत ठेवून तसाच थांबला.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "ते कोण फिरवतंय?"

"वारा."

"कुठला वारा? तुझा धूर बघ, खांबासारखा सरळ चाललाय. माझ्या मिशीचा केस हलत नाही."

मी धुराकडे बघितलं. खरंच, तो मनोऱ्याच्या कितीतरी वर सरळ गेला होता. डॉन ओनोफ्रेने छातीवर क्रूस काढला. "आमच्या चिलोएला असं काही फिरलं तर आम्ही चेटूक म्हणतो. मी आत येत नाही."

"घोड्यावर बसूनच जेवणार का मग?"

"मटण काय केलंय त्यावर आहे."

पण मला आता हसू येत नव्हतं. मी आत धावले आणि भिंतीवरच्या डबीपुढे उभी राहिले. सांदालियोने गुंडाळलेली तांब्याची तार तिथे होती. मी तिला बोट लावलं. कोमट होती. फाटक उघडं. वाऱ्याने पातं फिरून वीज खाली यायची त्याऐवजी बॅटरीतली वीज वर चढून पातं फिरवत होती. कालची सकाळ, कालची रात्र, आजची सकाळ. गोणी उसवून सगळी लोकर बाहेर उडून गेली होती, आणि मी ती उडताना बघून खूश होत होते.

मी तार उपटून काढली. बाहेर डॉन ओनोफ्रे ओरडला, "थांबलं!" आणि मग, बऱ्याच वेळाने, "आता येऊ का आत?"

निरोपांची वेळ झाली होती. मी रेडिओचं बटण फिरवलं. पेटीतल्या दिव्याची तार नुसती लालसर झाली. आवाज आला, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आम्ही दोघं कान लावून गुडघ्यांवर बसलो. कुणाच्या तरी खोगिराचं काहीतरी. कुणाची तरी बहीण. मग निवेदकाने घसा साफ केला.

"ला सालिना. एर्मेलिंदा यान्येस यांना. सांदालियोची शस्त्रक्रिया झाली असून, प्रकृती..."

आणि संपलं. दिवा गेला, आवाज गेला. मी बटण फिरवलं, पेटीवर थाप मारली, बॅटरी हलवली. काही नाही.

"प्रकृती काय?" डॉन ओनोफ्रे म्हणाला.

"तुम्ही ऐकलं तेवढंच मी ऐकलं."

"प्रकृती उत्तमही असेल."

"तो खाकरला आधी."

"बर्फ पडलाय. सर्दी झाली असेल त्याला."

मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. संध्याकाळी तोच निरोप पुन्हा वाचणार होते, दिवेलागणीला. त्यानंतर कदाचित नाही. दुसरा रेडिओ मालकाच्या घरी, आणि या बर्फातून तिथे पोचायला उद्याची संध्याकाळ झाली असती. वारा कधी येईल ते आकाशालाच ठाऊक. आणि त्या अर्ध्या वाक्यापुढे एकच शब्द हवा होता मला. तो 'नाजूक' असेल तर सांदालियो गेला होता. दुसरा कुठलाही असेल तर जिवंत होता.

कोपऱ्यात माझा चरखा होता. त्याच्याकडे माझी नजर गेली ती उगीच, हाताला काहीतरी काम हवं असतं तशी. मोठं चाक, दोरी, आणि बारीकशी चाती. मोठं चाक एकदा फिरलं की चाती कितीदा तरी फिरते.

"डॉन ओनोफ्रे," मी म्हटलं, "बॅटरी डायनामोला फिरवते, तर डायनामोला कुणीही फिरवलं तरी चालेल ना? वाराच कशाला हवा?"

"तू फिरवणार? हाताने? तो एवढा भरभर फिरायला हवा की..." तो बोलता बोलता थांबला. तोही चरख्याकडे बघत होता. "हे फार लहान आहे."

"लहान आहे."

"मागे माझं चाक पडलंय की," तो म्हणाला.

घरामागची ती लोकरीची गाडी कधीकाळी त्यानेच हाकलेली होती. मागचं चाक पुरुषभर उंचीपेक्षा मोठं. आसाखाली ओंडके सरकवून तरफेने ते जमिनीवरून कसं उचलायचं हे त्याला झोपेतही आलं असतं. तो त्याला लागला. डायनामो उतरवायचं काम माझं, कारण त्याचा गुडघा शिडीला तयार नव्हता. मी सांदालियोची विजार चढवली, मातेच्या किटलीत उकळतं पाणी घेतलं आणि मनोऱ्यावर गेले. नटबोल्ट गोठले होते. पाणी ओतायचं, पाना लावायचा, पुन्हा ओतायचं.

"पोरी, पडू नकोस!" खालून तो ओरडला. "मला एकट्याला चाक फिरवता येणार नाही!"

"बरं झालं सांगितलंत! मी पडणारच होते!"

लॉरीत असताना डायनामोचा पट्टा जिच्यावरून फिरायचा, ती छोटी कप्पी अजून त्याच्या दुसऱ्या टोकाला होती. आम्ही डायनामो एका खांबाला तारेने करकचून बांधला आणि बॅटरी बाहेर आणून शेजारी ठेवली. घोड्याच्या पोटाखालचा कातडी तंग उसवून, शिवून, त्याचा पट्टा केला आणि चाकाच्या लोखंडी धावेवरून कप्पीपर्यंत ताणला. तो घसरायला लागला. तेव्हा मेंढ्यांच्या जखमांना लावायचं डांबर त्याला आतून फासलं. मग आम्ही चाकाच्या दोन बाजूंना उभे राहिलो आणि आरे धरून ओढायला लागलो.

चाक हलायलाच तयार नव्हतं. मग हललं. मग त्याला स्वतःचीच गती आली, आणि डायनामोने तो ओळखीचा सूर धरला, आधी गुरगुर, मग बारीक शिट्टी. मी छोटा दिवा तारांना लावला होता. तो लाल झाला.

"पेटला!" म्हातारा ओरडला. "बाईसाहेब, आपण वारा झालो!"

"बोलू नका. वाऱ्याला दम लागत नाही."

"मोठ्या वाऱ्याला नसेल लागत. हा म्हातारा वारा आहे."

दिवा पिवळा झाल्यावर मी तारा बॅटरीला जोडल्या. त्याबरोबर चाक एकदम जड झालं, चिखलात रुतल्यासारखं. तोपर्यंत मला वीज म्हणजे काहीतरी हलकं, अदृश्य वाटायचं. त्या दुपारी तिचं वजन मला खांद्यांत कळलं. आम्ही ओढलं की बॅटरीत थोडं थेंबभर जायचं, आणि दमून थांबायचं झालं की मी आधी धावत जाऊन तार काढायची, नाहीतर ते थेंब परत चाक फिरवण्यात गेले असते. थांबलो की थंडी घाम गोठवायची. म्हणून फार थांबतही नव्हतो. डॉन ओनोफ्रे दात खाऊन शिव्या देत होता, पूर्वीच्या आपल्या खेचरांची नावं घेऊन. मी मनातल्या मनात एकच शब्द म्हणत होते. तो यायला नको होता, म्हणून म्हणत होते.

मिठागर निळं पडायला लागलं तेव्हा आम्ही बॅटरी उचलून आत आणली. माझ्या हातांची कातडी गेली होती. मी बटण फिरवलं. पेटी गरम व्हायला वेळ लागला, आणि मग आवाज आला, स्वच्छ, जवळचा, जणू तो माणूस चुलीपाशी बसला होता. माझ्या आधी बरीच नावं होती. प्रत्येक निरोप वीज खात होता. कुणा बाईने आपल्या भावाला आशीर्वादांची एवढी लांबलचक माळ पाठवली होती की डॉन ओनोफ्रे पेटीला म्हणाला, "आटप गं बाई."

"ला सालिना. एर्मेलिंदा यान्येस यांना. सांदालियोची शस्त्रक्रिया झाली असून, प्रकृती सुधारलेली नाही. पुढील उपचारांसाठी त्याला शुक्रवारी विमानाने ब्वेनोस आइरेसला नेत आहेत. भेटायचे असल्यास टपालाचा ट्रक उद्या सकाळी तिठ्यावर वाट पाहील."

तो जिवंत होता. मी खाली जमिनीवर बसले. डॉन ओनोफ्रेने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"मेंढ्या मी बघतो," तो म्हणाला. "घोडा माझा ने. तुझा त्या बर्फातून जाणार नाही."

मी रात्रीच निघाले. ट्रक थांबलेला होता, घोडा तिठ्यावरच्या गोठ्यात ठेवला. शुक्रवारी सकाळी बंदरावरच्या दवाखान्यात मला सांदालियोपाशी बसू दिलं. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, औषधांचा वास. तो मेणासारखा पिवळा झाला होता आणि हात चादरीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे. मी वाटेत खूप काही ठरवलं होतं बोलायचं. त्याने डोळे उघडले आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"हे काय?"

मी सांगायला लागले. वारा पडला, पातं फिरतच राहिलं, मला वाटलं वर वारा आहे. त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो हसायला लागला, टाक्यांवर उशी दाबून धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे मी पंखा बनवला होता!" तो म्हणाला. "बर्फात पंखा! मालकाला सांगू नकोस."

"आणि म्हणे इथं वारा कधी थांबतो."

"मी निघून गेलो आणि तोही गेला. ऐश आहे तुझी."

मी चाकाचं सांगितलं. त्याने सगळं विचारून घेतलं, कप्पी कशी बांधली, पट्टा कशाचा, दिवा कितपत पेटला. डांबराचं ऐकून मान हलवली. त्याचा आवाज बारीक झाला होता, मला वाकून ऐकावं लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकमेकांशी हळू बोलत होतो. तेवढ्यात परिचारिका आली आणि म्हणाली, गाडी आली आहे.

मी त्याच्या केसांवरून कंगवा फिरवला. त्याने माझं मनगट धरलं, हात नाही, हाताला लागेल म्हणून.

"लिंदा," तो म्हणाला, "डायनामो खाली काढलाच आहेस तर त्याचे ब्रश बदलून टाक. झिजलेत. नवे मातेच्या जुन्या डब्यात आहेत."

"बदलते."

"आणि डबीतली तार..."

"काढली. तू जा आता."

ब्वेनोस आइरेसहून तो परत आला नाही. ऑक्टोबरच्या एका दुपारी, वारा भरपूर आणि रेडिओ खणखणीत असताना, निवेदकाने घसा साफ केला, आणि तो शब्द आला. पण ते नंतर. त्या जुलैत मी ट्रकने परत निघाले तेव्हा मला वाटत होतं, मेंढ्यांच्या कातरणीच्या दिवसांपर्यंत येईल तो.

तिठ्यापाशी उतरले तर वारा सुटलेला होता. घोड्याची शेपटी आडवी झाली होती. घरी डॉन ओनोफ्रे दारात उभा. तो काहीतरी ओरडला ते मला ऐकू आलं नाही, मी जवळ गेले.

"भेटला का?"

"भेटला."

"बोलला?"

"बोलला. डायनामोचे ब्रश बदल म्हणाला."

"आणि?"

"आणि काही नाही."

म्हाताऱ्याने भिंतीला टेकवलेली शिडी उचलली. "मग बदल," तो म्हणाला. "मी शिडी धरतो."

डब्यात ब्रश होते, एका कागदात नीट गुंडाळलेले. मी जुने काढून नवे बसवले, डायनामो पाठीला बांधून मनोऱ्यावर चढले, आणि एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने नट आवळले. पातं सोडलं. ते दोनदा अडखळलं आणि मग दिसेनासं झालं, नुसता एक गोल उरला. वरून सगळं दिसत होतं. मिठागर, मेंढ्या, खाली शिडीला कवटाळून बसलेली टोपी, आणि पूर्वेकडे टपालाच्या ट्रकने उडवलेला बर्फाचा धुरळा, तो वाऱ्याने लगेच पुसला जात होता. मी तिथे बराच वेळ थांबले. खालून डॉन ओनोफ्रे काहीतरी विचारत होता, पण वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं.